वाचकांचे प्रश्न : टर्बो गाडी ऑइल का खाते?

बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवून घेतलेल्या गाड्यांच्या मालकांची बरीच पत्रे या खेपेस एकाच तक्रारीची असल्याने हे सदर त्या एका विषयालाच दिले आहे. तक्रार अशी की, हवा इंजिनात जाण्याच्या वाटेत, म्हणजे टर्बो, ती हवा थंड करणारा इंटरकूलर, तिचे प्रमाण ठरवणारी थ्रॉटल बॉडी आणि ती सिलिंडरांना वाटून देणारा मॅनिफोल्ड यांत, ऑइल सापडते. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी १.२ लिटर टर्बो पेट्रोल हॅचबॅक २०१४ सालची असून ती ७८ हजार किलोमीटर चालली आहे. गेल्या वर्षी रीमॅपिंग (इंजिनाच्या संगणकातील आकडे बदलून ताकद वाढवणे) करून घेतले आणि बाहेरचा मोठा इनटेक पाइप बसवला. परवा इंटरकूलरचा पाइप काढला, तेव्हा आतून अर्धा कप ऑइल निघाले. गॅरेजवाले म्हणतात, टर्बो गेला, नवीन टाकावा लागेल. मित्र म्हणतो, कॅच कॅन (वायूतले ऑइल अडवून साठवणारा डबा) लाव, सगळे थांबेल. मागून धूर येत नाही. पाच हजार किलोमीटरमध्ये पट्टीवरची पातळी वरच्या खुणेपासून मध्यापर्यंत उतरते. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. बहुतेक गाड्यांत पट्टीवरील दोन खुणांमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. म्हणजे आपली गाडी पाच हजार किलोमीटरला अर्धा लिटर, हजाराला शंभर मिलिलिटर ऑइल खाते. काही युरोपीय गाड्यांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानलेला आहे. टर्बो खरोखर गेला की खप असा सोज्वळ राहत नाही. सिग्नलला दोन मिनिटे थांबून गाडी निघाली की मागचा दुचाकीस्वार निळ्या धुरात दिसेनासा होतो.

मग हे ऑइल आले कुठून? पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला कितीही घट्ट धरून असल्या, तरी जळत्या वायूचा थोडा अंश त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरते आणि ऑइल साठते त्या भागात, उतरतोच. यालाच ब्लो-बाय म्हणतात. हा वायू कोंडून ठेवता येत नाही, कारण कोंडला तर तो सील आणि गॅस्केट यांमधून ऑइलला बाहेर ढकलू लागतो. जुन्या गाड्यांत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत असत. कॅलिफोर्नियाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस तो इंजिनातच परत जाळण्याची सक्ती केली आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे इनटेकमध्ये ऑइलचा थोडा ओलावा असणे हा बिघाड नसून रचनेचाच भाग आहे. प्रश्न फक्त ते किती असावे एवढाच उरतो.

वायूला परतण्याच्या वाटा दोन असतात, आणि त्यांतली कोणती केव्हा उघडी असते हे कळले की निम्मे निदान झाले. इंजिन नुसते चालू असताना किंवा घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ असते आणि वायू पीसीव्ही (चेंबरमधला वायू बाहेर नेणाऱ्या) व्हॉल्व्हमधून थेट तिथे जातो. टर्बोने हवा दाबायला सुरुवात केली की ओढीच्या जागी दाब येतो, पीसीव्हीतील एकमार्गी झडप मिटते आणि वायू टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, ब्रीदर पाइपाने टर्बोच्या तोंडाशी जातो. पहिल्या वाटेचे ऑइल थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डमध्ये दिसते, दुसऱ्या वाटेचे टर्बो आणि इंटरकूलर यांत. आपले ऑइल इंटरकूलरमध्ये आहे, तेव्हा संशय दुसऱ्या वाटेवर घ्यायला हवा.

रीमॅपिंगने सिलिंडरमधला दाब वाढला, म्हणून ब्लो-बायही वाढला. टॅपेट कव्हरच्या आत वायूतील ऑइलचे थेंब वेगळे करण्यासाठी आडव्यातिडव्या भिंतींचा एक बोळ असतो आणि तो मूळ बूस्टच्या हिशेबाने आखलेला असतो. त्याच बोळातून जास्त वायू जाऊ लागला की त्याचा वेग वाढतो, आणि जे थेंब एरवी भिंतीला लागून खाली ओघळले असते, ते वायूबरोबर पुढे वाहून जातात. ऑइल आपण होऊन वर चढत नाही, त्याला नेणारी हवा असते. म्हणून आधी हवा मोजावी.

त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. ऑइलच्या पट्टीच्या नळीवर घट्ट बसेल अशी पारदर्शक नळी घ्यावी, तिचे दुसरे टोक एका फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधावे, दोन्ही भुजा पाऊण-पाऊण मीटरच्या ठेवाव्यात, त्यांत निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरावे आणि शेवटचे तोंड मोकळे सोडावे. दोन भुजांतील पाण्यात दहा सेंटिमीटरचा फरक पडला, तर चेंबरमध्ये साधारण एक किलोपास्कल दाब आहे असे समजावे. इंजिन गरम झाल्यावर ते आधी नुसते चालू ठेवावे. पाणी इंजिनाच्या बाजूला किंचित ओढले गेले पाहिजे. ते जोराने वर चढू लागले तर नळी ताबडतोब काढून घ्यावी, कारण तशा वेळी पीसीव्हीचा रबरी पडदा फाटलेला असण्याची दाट शक्यता असते. अशा गाडीचे ऑइलचे झाकण उचलू गेल्यास ते कोणी आतून धरून ठेवल्यासारखे वाटते आणि पुष्कळदा बारीक शिट्टीही ऐकू येते. पूर्ण बूस्टचे मोजमाप मात्र डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरांवर धावते त्या यंत्रावर करावे. शेजारी मित्र फळी धरून बसला आहे आणि आपला एक डोळा रस्त्यावर, एक पाण्यावर आहे, असला प्रयोग मुळीच करू नये. पूर्ण बूस्टला फरक काही सेंटिमीटरांचाच राहिला, तर मी स्वतः निश्चिंत होतो. तो वीसच्या पुढे गेला, तर कॅन विकत घेण्यापूर्वी लीक-डाउन चाचणी करून, म्हणजे सिलिंडरात दाबाने हवा भरून ती किती गळते यावरून, रिंगांची अवस्था पाहतो, पण त्याही आधी ब्रीदरचा पाइप पाहतो.

पाइप आधी का पाहावा, ते एका गाडीवरून सांगतो. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा टर्बो दोनदा बदलून झाला होता आणि तिसराही ऑइल टाकत होता. पाण्यातला फरक चाळीसच्या वर गेला. रिंगा उत्तम होत्या. शेवटी बोट लावून पाहिले, तेव्हा कळले की बाहेरून बसवलेल्या सुबक ॲल्युमिनियमच्या इनटेक पाइपावर ब्रीदरसाठी जी निपल होती, तिचे छिद्र जेमतेम दहा मिलिमीटरचे होते. मूळ प्लास्टिकच्या पाइपावर ते एकोणीसचे होते. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतात, तिथे पिस्टनसारख्याच, पण बारीक धातूच्या रिंगा असतात, आणि बेअरिंगमधून आलेले ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली चेंबरमध्ये ओघळते. चेंबरमध्येच दाब असला की ते ओघळायचे थांबते, टर्बोच्या पोटात साचते आणि रिंगांना ओलांडून दोन्ही बाजूंनी बाहेर पडते. निर्दोष टर्बो बदलून हा दाब कसा जाणार? निपल मोठी करून वेल्ड केली आणि तिसरा टर्बो अजून त्याच गाडीवर आहे. आपणही बाहेरचा इनटेक बसवला आहे, तेव्हा त्याच्या निपलचे आणि मूळ पाइपावरच्या तोंडाचे माप कॅलिपरने घेऊन ताडून पाहावे. त्याच बैठकीत एअर फिल्टरही पाहावा. तो धुळीने बुजला असेल तर टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि ती ब्रीदरमधूनही ऑइल खेचते, शाफ्टच्या रिंगांमधूनही.

हे सर्व ठीक निघाले आणि तरीही इंटरकूलर भरत असेल, तर कॅच कॅन जरूर लावावी. ती घेताना झाकण उघडून आत डोकावावे. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त कॅन म्हणजे दोन नळ्या लावलेला रिकामा डबा असतो. वायू एका नळीने येतो, दुसरीने निघून जातो, आणि थेंब त्याच्याबरोबर जातात. आत आडव्या पत्र्यांचे अडसर हवेत, शिवाय स्टीलच्या जाळीचा बोळा हवा, म्हणजे थेंब त्यावर आदळून एकत्र होतील आणि खाली पडतील. कॅन टर्बोपासून दूर, थंड जागी बसवावी. पाइपाचा आतला व्यास मूळ पाइपापेक्षा कुठेही कमी नसावा. पाइपाचे रबर ऑइल सोसणारे असावे. रेडिएटरचा पाइप हाताशी असतो म्हणून तोच वापरला जातो, पण ऑइल लागून तो फुगतो, मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो, की पुन्हा मूळचाच रोग.

पीसीव्हीच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या वाटेवर कॅन लावायची असेल, तर तिथली एकमार्गी झडप शाबूत आहे ना, याची खात्री करावी. ती काढून टाकली किंवा उलटी बसवली, तर बूस्टची हवा सरळ चेंबरमध्ये शिरते आणि पट्टी उडून बोनेटला लागते. हे मी पाहिले आहे.

प्रश्न : ब्रीदरचा पाइप इनटेकपासून काढून त्यावर छोटा फिल्टर लावला आणि इनटेकचे तोंड बंद केले, की ऑइल आत जाण्याचा प्रश्नच मिटतो. मग कॅनचा खटाटोप कशासाठी? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ऑइल आत जाणे थांबते, हे खरे. त्या बदल्यात पेट्रोलचा आणि जळक्या ऑइलचा वास एसीच्या वाटेने केबिनमध्ये येतो, टॅपेट कव्हर तेलकट होऊन त्यावर धूळ बसते, आणि फिल्टरमधून ठिबकणारे ऑइल गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडण्याचा धोका राहतो. पीसीव्हीची वाट तशीच ठेवून फक्त ब्रीदर उघडा केला, तर ज्या गाड्यांत एअर मास सेन्सर असतो त्यांत न मोजलेली हवा ब्रीदरमधून आत येऊन मॅनिफोल्डमध्ये जाते आणि मिश्रण पातळ होते. शिवाय पेट्रोल गाडीच्या चेंबरमधील वायू मोकळ्या हवेत सुटता कामा नये, ही आपल्याकडील भारत स्टेज मान्यतेचीच एक अट आहे, आणि कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. निव्वळ ट्रॅकवर नेण्याच्या गाडीचा विचार वेगळा करता येईल. रोज रंकाळ्यावरून ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी मी हा सल्ला देणार नाही.

प्रश्न : मी डेन्व्हरला राहतो. माझी सुबारू डब्ल्यूआरएक्स २.५ लिटरची, आडव्या सिलिंडरांची आहे. बूस्ट वाढवलेला आहे आणि उन्हाळ्यात मी ती ट्रॅकवर नेतो. हिवाळ्यात तापमान शून्याच्या बरेच खाली असते. कॅच कॅन लावावी, की एअर-ऑइल सेपरेटर? (एक वाचक, कोलोरॅडो)

उत्तर : आपल्या बाबतीत सेपरेटर, आणि तोही कूलंटचे गरम पाणी ज्याच्या अंगातून फिरवता येते असा. पेट्रोल जळून होणाऱ्या वायूत पाण्याची वाफ भरपूर असते. साध्या कॅनमध्ये ती थंड होऊन ऑइलबरोबर साचते. आपल्या हिवाळ्यात रात्रभर उभ्या गाडीत ते पाणी गोठते, आणि बर्फाने तोंड बुजलेला ब्रीदर म्हणजे वरच्या पत्रातील दहा मिलिमीटरच्या निपलहून वाईट अवस्था. सकाळी गाडी सुरू करून हायवेला लागताच मागचा क्रँक सील बाहेर येऊ शकतो. गरम सेपरेटरमध्ये वाफ वाफच राहून पुढे जाते आणि वेगळे झालेले ऑइल चेंबरमध्ये परत ओघळते. म्हणूनच सेपरेटर गरम नसेल, तर त्याची परतीची नळी चेंबरला जोडू नये. ऑइलबरोबर पाणीही खाली जाईल.

ट्रॅकबद्दल एक गोष्ट. आडव्या इंजिनात टॅपेट कव्हर दोन्ही कुशींना असतात. लांब वळणावर ऑइल बाहेरच्या बाजूच्या हेडमध्ये लोटले जाते, वळण संपेपर्यंत खाली उतरत नाही, आणि त्या बाजूचा ब्रीदर मग वायूऐवजी चक्क ऑइलच गिळतो. त्यामुळे दोन्ही हेडचे ब्रीदर आणि चेंबरचा ब्रीदर या तिन्ही नळ्या सेपरेटरला स्वतंत्रपणे आणि पूर्ण व्यासाच्या जोडाव्यात, आणि सेपरेटर इंजिनाच्या शक्य तितक्या वर असावा. ट्रॅकवर जायचे म्हणून ऑइल वरच्या खुणेच्याही वर भरण्याची सवय काहींना असते. ऑइल पिकअपला (पंपाच्या शोषनळीला) कमी पडू नये हा हेतू समजू शकतो, पण त्यासाठी चेंबरमध्ये अडसर बसवणे हाच बरा मार्ग आहे. जादा भरलेल्या ऑइलला क्रँक घुसळते, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून वर येतो.

प्रश्न : माझ्या १.३ लिटर डिझेल गाडीला ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आहे. टर्बो दुरुस्त करून बसवल्यावर दुसऱ्याच दिवशी गॅरेजच्या दारात इंजिन आपोआप रेस होत गेले, किल्ली काढली तरी थांबेना, सगळा परिसर पांढऱ्या धुराने भरला. हे कशाने झाले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : डिझेल इंजिनाला इंजेक्टरमधून मिळणारे डिझेल आणि हवेबरोबर आलेले ऑइल यांतला फरक कळत नाही, दोन्ही दाबाने पेटतात. जुना टर्बो गेला तेव्हा त्याने टाकलेले ऑइल इंटरकूलरमध्ये साचले असणार, आणि नवीन टर्बो बसवताना इंटरकूलर काढून धुतला गेला नसणार. पहिला मोठा बूस्ट मिळताच ते ऑइल उचलले गेले. किल्लीने इंजेक्टर बंद होतात, ऑइल बंद होत नाही. पुन्हा असे झाल्यास गाडी उभी असताना ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबून, पाचव्या गियरमध्ये टाकून क्लच झटकन सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडेल. समोर आणि मागे कोणी नाही हे आधी पाहावे. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर हवेची वाट बंद करणे एवढाच उपाय राहतो, तोही जाड लाकडी फळीने किंवा कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाने. हात किंवा फडके टर्बोच्या तोंडाशी कधीही नेऊ नये. इंजिन टिपेला पोहोचले असेल, तर बोनेट उघडण्याच्या फंदात न पडता दूर व्हावे.

आता टर्बो पुन्हा उतरवून त्याची ऑइल परतीची नळी तपासून घ्यावी. ती जवळजवळ उभी असावी आणि तिला कुठेही पोटासारखा झोळ नसावा. टर्बो बनवणारे साधारणपणे उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कल मान्य करत नाहीत. चेंबरमध्ये ती ऑइलच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. तिच्या फ्लँजला कागदी किंवा धातूचे गॅस्केटच वापरावे. आपल्याकडे फिटर मंडळी गॅस्केटऐवजी सिलिकॉनची ट्यूब पिळून मोकळी होतात. बाहेरून नीटनेटकी कड दिसते, पण तेवढेच सिलिकॉन आतही पिळले जाऊन नळीचे तोंड अर्धे बुजवते. दुरुस्तीनंतर लगेच बिघडलेल्या टर्बोंमध्ये हा पांढरा किंवा लाल रबराचा लडबडलेला कडा मी इतक्यांदा काढला आहे की, आता सर्वांत आधी तिथेच बोट घालतो.

प्रश्न : माझ्या टर्बो पेट्रोल इंजिनात फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन टाकून ते नव्याने बांधून घेतले. सकाळी थंड असताना ते खडखडते आणि ऑइलही मूळ इंजिनापेक्षा जास्त खाते. जाड ऑइल टाकल्यास फरक पडेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पिस्टन कोणत्या मिश्रधातूचा आहे, हे आधी बांधणाऱ्याला विचारावे. २६१८ हा मिश्रधातू तापल्यावर जास्त प्रसरण पावतो, म्हणून तो थंड असताना सिलिंडरमध्ये सैल ठेवावा लागतो. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला ४०३२ कमी फुगतो, म्हणून तो घट्ट बसवता येतो आणि शांत चालतो. पहिल्या प्रकारात सकाळची खडखड आणि थोडा जादा खप हे गृहीतच धरलेले असतात. उपाय एवढाच की, ऑइल गरम होईपर्यंत बूस्ट मागू नये. पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झाले असे होत नाही, त्याला आणखी काही मिनिटे लागतात.

रिंगांच्या टोकांमधली फट किती ठेवली, हेही विचारावे. ८० मिलिमीटरच्या सिलिंडरात रस्त्यावरच्या टर्बो गाडीसाठी वरच्या रिंगची फट साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात, अर्थात पिस्टन बनवणाऱ्याचा तक्ता सांगेल तेच अंतिम. ती याहून बरीच मोठी असेल, तर ब्लो-बाय कायमचा वाढलेला राहील आणि ब्रीदर मोठा करण्यावाचून गत्यंतर नाही. ती कमी असण्यापेक्षा मात्र हे केव्हाही बरे, कारण तापलेल्या रिंगची टोके एकमेकांना भिडली की रिंग मोडते आणि सिलिंडरला ओरखडे पडतात.

ऑइलच्या बाबतीत नुसता जाडपणा पाहू नये, ते वाफ होऊन किती उडते ते पाहावे. यासाठी नोआक नावाची चाचणी असते. ऑइल २५० अंश सेल्सिअसवर एक तास तापवून त्याचे वजन किती घटले ते मोजतात. आयएलसॅक जीएफ-६ या ऑइलच्या मानकाची मर्यादा १५ टक्के आहे, एसीईए सी३ या युरोपीय मानकाची १३ टक्के. चांगल्या सिंथेटिक ऑइलचा आकडा याच्याही खाली असतो आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो छापलेला सापडतो. उडालेले ऑइल कॅनच्या जाळीत अडकत नाही, ते वायूसारखेच पुढे जाते, म्हणून इथे कॅनपेक्षा ऑइलची निवड महत्त्वाची ठरते. आपले इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरात सोडणारे असेल, तर आणखी दोन गोष्टी. इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नसल्याने आलेले ऑइल धुतले जात नाही, तिथेच करपून त्याचे थर बसतात. आणि सिलिंडरात शिरलेला ऑइलचा थेंब कमी आरपीएमला, भरपूर बूस्टवर, ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू शकतो. असा एकच स्फोट पिस्टनची कड उडवायला पुरतो. त्यासाठी मे २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी दर्जाचे ऑइल घ्यावे, कारण या आगाऊ पेटण्याची चाचणी त्या दर्जात समाविष्ट आहे. आणि टॉप गियरमध्ये पंधराशे आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला दाबण्याची सवय सोडावी. गियर खाली घ्यावा.

प्रश्न : पावसाळ्यात कॅच कॅनमध्ये दुधाळ कॉफीसारखे काहीतरी साचते. हेड गॅस्केट गेले की काय? (एक वाचिका, चिपळूण)

उत्तर : कूलंटची टाकी उतरत नसेल आणि पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर गॅस्केट शाबूत आहे. ते पाणी जळलेल्या वायूतले आणि दमट हवेतले आहे. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल, तर इंजिन पुरते तापत नाही आणि ते जास्तच साचते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी दर हजार किलोमीटरला कॅन रिकामी करावी. निघालेले मिश्रण परत इंजिनात ओतू नये, कारण त्यात पाण्याबरोबर पेट्रोल आणि आम्लही असते. ते गटारात न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावे आणि पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्यावे. कॅन परत बसवताना तिच्या झाकणाची ओ-रिंग जागेवर आहे ना, ते पाहावे. ती बाकावरच राहून गेल्याने गाडी आयडलिंगला डुलते, अशी तक्रार घेऊन येणारे दरवर्षी एक-दोघे तरी असतात.